गयेत सोडलेलं संत्रं

गयेला श्राद्ध करणारा माणूस तिथं एक फळ सोडून येतो. पिंड दिल्यावर पंडा विचारतो, कोणतं फळ सोडता? माणूस एका फळाचं नाव घेतो, ओंजळीतलं पाणी खाली सोडतो, आणि त्यानंतर ते फळ जन्मभर खात नाही. गेलेल्याला गती मिळावी म्हणून जिवंत माणसानं आपल्या आवडीचं काही तोडून द्यावं, अशी त्यामागची समजूत. जिथं रीत असते तिथं पळवाटही असते. बहुतेक लोक असं फळ सोडतात जे त्यांनी एरवीही खाल्लं नसतं.

आई गेल्यानंतर बाबा गयेला गेले तेव्हा सोबत त्यांची मोठी बहीण होती, माझी काटोलची आत्या. आत्यानं आपल्या गेलेल्या यजमानांच्या नावानं फणस सोडला. काटोलच्या त्या घरात फणस कधी आल्याचं कोणाला आठवत नाही. यात्रेच्या गाडीतल्या एका शेजाऱ्यानं अननस सोडला. मग बाबांची पाळी आली. ते म्हणाले, "संत्रा."

पंड्यानं वर पाहिलं. "सोच लीजिए. आप तो नागपुर के हैं."

बाबांनी विचार केला नाही. पाणी सोडलं.

मी तिथं नव्हते. हे आत्याकडून ऐकलेलं आहे. तिनं ते पुष्कळ लोकांना, पुष्कळदा, त्याच शब्दांत सांगितलं. शब्द बदलले नाहीत म्हणून मी ते खरं धरते.

नागपुरात संत्रं सोडणं अवघड असतं, कारण ते विकत आणावं लागत नाही, ते आपोआप घरात येतं. ज्याची बाग असते तो पिशवी पाठवतो, ज्याची नसते तो ओळखीच्याची आलेली पिशवी पुढं पाठवतो. बाहेरगावी निघालेल्याच्या सामानात संत्र्याच्या बर्फीचा डबा असतोच. बाबांनी कोणाला व्रत सांगितलं नाही. "मले सर्दी होते," एवढंच म्हणायचे आणि आलेली पिशवी दारातूनच समोरच्या घरी द्यायचे. मला त्यांनी कधी मना केलं नाही. मी वर्तमानपत्राच्या कचेरीत, डेस्कवर बसून खायचे आणि हात धुऊन घरी यायचे. संत्र्याचा वास साबणानं जात नाही, नखाखाली राहतो. त्या दिवशी बाबा जेवताना पाट जरा लांब ओढून घ्यायचे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात संत्रं आलं नाही ते या फेब्रुवारीपर्यंत.

आई संत्र्याची बर्फी करायची. मृगाच्या बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, ते जास्त गोड असतं, म्हणून ती त्यासाठी थांबायची. दूध आटवून खवा घरीच करायची. संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून, तो गर साखरेबरोबर वेगळा आटवायची. आंबट गर सरळ दुधात घातला तर दूध फाटतं. साल मात्र ती आधी किसायची, फळ सोलण्यापूर्वी. आपल्याकडच्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसणीवर धरता येत नाही. आई किसताना फार दाबायची. नारिंगी साल संपून खालचा पांढरा भाग किसात यायचा, आणि त्यामुळे बर्फीला शेवटी एक कडू चव राहायची. आत्या दर वर्षी टोमणा मारायची, "एवढा खोवा आटवते अन् शेवटी कडू करून ठेवते." आई म्हणायची, "कडू नसन चालत तर दुकानातली आणा ना, कोण नाही म्हणते."

बर्फी ती एका जुन्या पितळी ताटात थापायची. ताटावर सुरीच्या रेघा होत्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या. दर वर्षी ती त्याच रेघांवर कापत असे, म्हणून त्या खोल गेल्या होत्या.

शेवटच्या दिवशीही तिनं बर्फी केली होती. दुपारी ताटात थापली, वर पातळ फडकं टाकलं. बाबा हात पुढं करून उभे होते. ती म्हणाली, "जमू द्या ना जरा. काय घाई आहे? जमली का मी कापून देते." बाबा बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. थोड्या वेळानं तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्याच्या गाडीनं दवाखान्यात नेलं. तिथून तिला घरी आणलं ते सगळं आटोपल्यावर.

मृत्यू झालेल्या घरातलं शिजलेलं अन्न आणि भरलेलं पाणी टाकून देतात. काटोलहून आलेल्या आत्यानं ते काम केलं, कारण घरातली तीच मोठी बाई होती. भात टाकला, वरण टाकलं, माठ उपडा केला. ताटातली बर्फी खरवडून टाकली. ताट घासून ओट्यावर पालथं घातलं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बाबा बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसले होते. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं. त्यांनी काय पाहिलं, हे कोणी विचारलं नाही.

त्यांची आठवण जायला लागली ती अलीकडच्या टोकाकडून. आधी कालचं गेलं, मग गेल्या वर्षीचं, मग गया गेली, मग आईचं जाणं गेलं. ती गेली हे ते विसरले, आणि त्यामुळे ती घरात परत आली.

मी कामावरून आले की म्हणायचे, "चपला हळू काढ वं. आत्ताच डोळा लागला तिचा." दुपारच्या चहाला तीन कप काढायला लावायचे. तिसरा कप मी ओट्यावर ठेवायचे, तो तिथंच गार व्हायचा, आणि नंतर मी तो मोरीत ओतायचे. सुरुवातीला मी त्यांना खरं सांगत असे. आई नाही बाबा, ती गेली. ते ऐकायचे आणि तिथंच बसल्या जागी रडायचे, जसे पहिल्या दिवशी रडले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिची चौकशी. डॉक्टर म्हणाले, सांगू नका. बातमी एकदाच ताजी असते, असं आमच्या धंद्यात मानतात. ही दर वेळी ताजी होती. मी सांगणं बंद केलं.

यंदा फेब्रुवारीत, ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, एका दुपारी बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. हनुवटी वर करून म्हणाले, "वास येऊन राहिला. किसून राहिली ती."

मी उठून पाहिलं. ओट्यावर काही नव्हतं. कचऱ्याच्या डब्यात चहाचा चोथा आणि मेथीच्या काड्या होत्या. खिडकी बंद होती. समोरच्या घरी विचारलं, त्यांच्याकडे गाजर किसणं चाललं होतं. संत्र्याची हातगाडी गल्लीत सकाळी येते, दुपारी येत नाही. सगळीकडून खात्री केली. काही मिळालं नाही.

त्यानंतर हे रोज व्हायला लागलं. जेवणानंतरच्या शांततेत ते मान वळवायचे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहायचे. चेहऱ्यावर भीती नसायची. ओळखीचा आवाज ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असायचा. एकदा मी भांडी विसळत होते, पाठ दाराकडे होती. तेव्हा तो वास मलाही आला. सालीचा, तिखट, नाकाला झोंबणारा. नळ बंद केला आणि तो गेला. मला वास आला, असं लिहिता येईल. घरात संत्रं होतं, असं लिहिता येणार नाही.

मग प्रश्न सुरू झाला. "जमली का वं?"

मला वाटलं दुधावरच्या सायीबद्दल विचारतात. म्हटलं, हो बाबा, जमली साय. त्यांनी नकाराची मान हलवली. तळहात सपाट धरून हवेत फिरवला, काही थापल्यासारखा. "ताट कुठी ठेवलं तिनं? फडकं टाकलं होतं वर." तेव्हा मला कळलं ते कोणत्या दुपारी बसले आहेत. आईनं थांबायला सांगितलं होतं, आणि ते थांबले होते.

थांबण्यावर भागलं असतं तर हे लिहिण्याचं कारण नव्हतं. त्यांनी जेवण सोडलं. ताट पुढं ठेवलं की म्हणायचे, "आधी ती जमू दे. तिनं इतकी मेहनत केली, अन् मी भातानं पोट भरू काय?" पोळी परत यायची, भात परत यायचा. दूध घ्यायचे, ते चमच्यानं, आणि तेही मी फार मागं लागले तर. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटी दिसायला लागली. हाताला धरून उठवताना हाड हाताला लागायचं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, पोटात अन्न जायला पाहिजे, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात या अवस्थेत ते नळी ओढून काढतील, मग हात बांधावे लागतील. "काय मागतात ते?" त्यांनी विचारलं.

"संत्र्याची बर्फी."

"मग द्या ना. यात विचारायचं काय आहे?"

विचारायचं होतं ते काटोलला, आत्याला. व्रत आत्यासमोर घेतलं गेलं होतं. मी तिला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"डॉक्टर म्हणून राहिला ते बरोबरच आहे," ती म्हणाली. "पण पाणी सोडलं वं त्यानं. तिच्या नावानं सोडलं. माह्या डोळ्यासमोर."

"ते विसरले आहेत आत्या."

"तो विसरला. ती विसरली काय?"

तिचं म्हणणं साधं होतं. गयेत दिलेलं परत घेतलं की ज्याच्यासाठी दिलं त्याची गती अडते. भावजय तिच्या समजुतीप्रमाणे पार पोचली होती. भावाच्या एका घासानं तिला परत वाटेवर आणून उभं करायचं, आणि तेही भावाच्या नकळत, हे आत्याला जमत नव्हतं. उलट बाजूला भाऊ होता, आणि त्याची कॉलर सुटी होत चालली होती.

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं आली. हातात पिशवी होती. पिशवीत मोसंबी होती.

"मोसंबी नाही सोडली त्यानं," ती चपला काढता काढता म्हणाली. "पंड्याले मोसंबी म्हटलंच नाही. संत्रा म्हटलं. मी ऐकलं ना."

"त्यांना कळेल."

"त्याले आज वार कोणता ते कळत नाही, अन् मोसंबी कळते?"

मी सोप्या रीतीनं बर्फी करायला घेतली. आटवलेल्या गोड दुधाचा डबा, दुधाची पावडर, चमचाभर तूप. जाड बुडाच्या कढईत हे सगळं मंद आचेवर ढवळायचं, कडा सुटायला लागल्या की किसलेली साल घालायची, मग तूप लावलेल्या ताटात थापायचं. ज्याला दूध आटवायला वेळ नाही त्याच्यासाठी ही रीत ठीक आहे. आत्या बाजूला स्टुलावर बसून पाहत होती.

"डबा फोडला का झालं? तुही माय सकाळपासून दुधासमोर उभी राहे."

"मला संध्याकाळी कामावर जायचं आहे आत्या."

"मग डब्यालेच माय म्हण."

पितळी ताट मी माळ्यावरून काढलं होतं. मोसंबीची बर्फी फिकट पिवळी दिसत होती, वास हलका होता. गार झाल्यावर मी तिच्यावर सुरी ठेवली. खालच्या रेघा झाकलेल्या होत्या, मी त्या पाहू शकत नव्हते, पण सुरी तळाला टेकली तशी एका रेघेत उतरली आणि पुढं तीच सरकत गेली. मी फक्त मूठ धरून होते. आत्यानंही ते पाहिलं.

बाबांपुढं बशी ठेवली. त्यांनी वडी उचलून नाकाजवळ नेली. मग एखाद्याच्या घरी पाहुणे गेल्यावर ठेवतात तशी हळूच परत ठेवली.

"छान आहे," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "पण मी खात नाही आत्ता. घरी आमच्याकडे बर्फी लावली आहे. ती वाट पाहत असन."

ते अत्यंत सभ्यपणे बोलत होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, ते उठण्याची परवानगी मागत होते.

त्या दिवशी दूधही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वाटीत पेज घेऊन त्यांच्या समोर बसली. ते लहान असताना तिनंच त्यांना भरवलं होतं.

"खा ना गा बाबू. मी आली ना. माह्या हातानं खा."

बाबांनी तोंड बाजूला केलं. मग पुन्हा तिच्याकडे वळले, तिला नीट पाहिलं. आत्याला ते ओळखत होते. तिला विसरायला अजून अवकाश होता.

"बाई," ते म्हणाले, "तू आत गेली होती ना? ताट पाहिलं काय? जमली का?"

आत्या वाटी घेऊन उठली. स्वयंपाकघरात येऊन तिनं ती ओट्यावर ठेवली आणि खाली भिंतीला टेकून बसली.

"मले विचारून राहिला तो," ती म्हणाली. "घरात तू आहे, अन् विचारते मले."

मी पेजेची वाटी झाकली.

"मी खरवडली वं. या हातानं. रीत होती."

"रीतच होती आत्या."

"हो, रीतच होती." ती तळहाताकडे बघत होती. "पण जमली होती. टाकण्याआधी सुरी लावून पाहिली मी. काहून पाहिली, देवाले ठाऊक. स्वच्छ निघाली सुरी. जमली होती, अन् मी टाकली."

बाहेरच्या खोलीत बाबा कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. शब्द कळत नव्हते. एक वाक्य बोलून ते थांबायचे, समोरचा बोलून होईपर्यंत थांबतात तेवढं, आणि मग पुन्हा बोलायचे. आत्या कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "गाडीवाला येते काय तुमच्याकडे संत्र्याचा?"

"येईल आता."

"घे."

मी संत्री घेऊन आले तेव्हा तिची आंघोळ झाली होती, केस ओले होते. तिनं पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. मला बाहेरच उभं केलं. तांब्यातून उजव्या ओंजळीत पाणी घेतलं आणि मोरीशी उभी राहिली. बोलली ती मोठ्यानं, पण माझ्याशी बोलत नव्हती.

"त्याचं संत्रं मी घेतो. आजपासून माह्यावर. तो मोकळा. तू मोकळी राहा." आणि पाणी सोडलं.

पोक्त बायका आमच्याकडे 'घेतो, करतो' असंच बोलतात, पण आत्या शहरात आली की सांभाळून बोलत असे. त्या दिवशी तिनं सांभाळलं नाही.

"असं चालतं का?" मी विचारलं. "गया नाही, पंडा नाही."

"कोणाले विचारू? पंड्याचा फोन आहे काय तुह्याजवळ?"

आत्याचं घर संत्र्याच्या बागेत आहे. मागचं दार उघडलं की फांदी हाताला लागते. दोन्ही बहारांची तोडणी तिच्या अंगणात होते, फळांचे ढीग पडतात, आणि निवडताना येणारीजाणारी माणसं सोलून खात असतात. तिनं हात पुसले आणि म्हणाली, "फणस सोडला होता मी. फणस." एवढंच. मग पिशवी आत घेतली.

या वेळी ती स्टुलावर बसली नाही, माझ्या बाजूला उभी राहिली. डब्याला तिनं नावं ठेवली नाहीत, वेळ नव्हता. मी गर साखरेबरोबर वेगळा आटवला. साल किसताना मी हलक्या हातानं किसत होते, पांढरं येऊ नये म्हणून.

"दाब," आत्या म्हणाली.

"कडू होईल."

"दाबून किस म्हटलं ना. ती दाबे."

मी दाबलं. किसणीखाली पांढरट किस पडायला लागला. खोलीभर वास झाला, आणि बाहेर बाबांची खुर्ची कुरकुरली.

मिश्रण कढईच्या कडा सोडायला लागलं तेव्हा आत्यानं मला चाखायला सांगितलं. ती स्वतः चाखू शकत नव्हती, आता कधीच चाखणार नव्हती.

"कडू लागते काय?"

"थोडी."

"थोडी नाही. आणखी घाल."

ताटात थापून तिनं वर फडकं टाकलं. आम्ही थांबलो. दुपारची वेळ होती, गल्लीत दुचाक्यांचे आवाज कमी झाले होते. बाबा दारात येऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांत ते आधाराशिवाय इतके चालले नव्हते.

"जमली का?"

आत्यानं ताटाच्या कडेला सुरी लावून काढली आणि त्यांना दाखवली. सुरी स्वच्छ होती.

"जमली गा," ती म्हणाली.

मी कापायला घेतलं. सुरी पुन्हा रेघेत उतरली. बाबा माझ्या हाताकडे पाहत नव्हते, माझ्या खांद्याच्या जरा मागं, ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहत होते. "तिरपं काप," ते मला म्हणाले, "ती सांगून राहिली ना." आणि त्या कोपऱ्याकडे मान हलवली. मी मागं वळून पाहिलं नाही. आत्यानं पाहिलं, आणि पदर डोक्यावर घेतला.

त्यांनी वडी तोंडात घातली. बराच वेळ चावत राहिले. मग चेहरा जरा आंबट झाला, आणि ते हसले. "कडू केली," ते म्हणाले, पुन्हा त्याच कोपऱ्याकडे बघून. "एवढा खोवा अन् शेवटी कडूच." दुसरी वडी त्यांनी स्वतः उचलली. तिसरी उचलून ताटाच्या कडेला वेगळी ठेवली आणि म्हणाले, "ही तिच्या वाटची." संध्याकाळी त्यांनी वरण-भात खाल्ला.

आत्या सकाळच्या एस.टी.नं परत गेली. जाताना बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला.

बाबा आता जेवतात. डॉक्टरांचं समाधान आहे, नळीचा विषय निघत नाही. बर्फी मी आठवड्याला करते, डब्यातल्या दुधाचीच, साल दाबून किसते. जमली का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चपला हळू काढ, असंही ते म्हणत नाहीत. चहाचे दोन कप त्यांना पुरेसे वाटतात. जेवणानंतर खुर्चीत बसतात आणि खिडकीबाहेर बघतात. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत नाहीत. तिथं आता बघण्यासारखं काही नसल्यासारखे बसतात.

काही दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "घरात कोण कोण असते?"

"तुम्ही आणि मी."

"बस?"

"बस."

ते रडले नाहीत. मान हलवली, आणि पुन्हा खिडकीकडे वळले.

मी हे आत्याला फोनवर सांगितलं. मागं तोडणीच्या माणसांचे आवाज येत होते, क्रेट आपटण्याचे. तिनं विचारलं, "तिसरा कप नाही मागत?"

"नाही."

"मग गेली ती," आत्या म्हणाली. "आत्ता गेली." मग कोणावर तरी ओरडली, सोललेल्या साली अंगणात टाकू नका म्हणून, आणि फोन ठेवला.

बाबांनी आईच्या वाटची म्हणून ठेवलेली वडी त्या दिवशी मी टाकली नाही. बशीत घालून ओट्याच्या त्या कोपऱ्यात ठेवली, तिथं ती वाळून दगड झाली. एका सकाळी बशी घासायला घेतली तेव्हा वडी काढून ठेवली, कुठं ठेवली ते लक्षात नाही.

दुपारी चहा करताना माझा हात अजून तिसऱ्या कपाकडे जातो. कप फडताळात परत ठेवते आणि थोडा वेळ नळ बंद करून उभी राहते. टोपलीत संत्री असतात. वास येतो. तो संत्र्यांचाच असतो.